सातव्या आकड्यावर

"तुमचं उत्तर उशिरा आलं, दादा," बारकी म्हणाली आणि टॉवेलनं कान पुसत राहिली, जणू पाणी आज जरा गार होतं एवढंच तिला सांगायचं होतं. आम्ही पाणबुडे ठाण्याच्या मागच्या अंगणात, नळांच्या रांगेसमोरच्या लांब बाकावर बसलो होतो. ओले सूट दांडीवर उलटे टांगलेले होते आणि त्यांच्या बाह्यांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. तलावात घसरलेली एक मोटार वर काढून आम्ही परतलो होतो. मोटारीत कोणी नव्हतं. मालक काठावर उभा राहून, आपण ब्रेक नीट ओढला होता हे येणाऱ्याजाणाऱ्याला पटवून देत होता, आणि भोपळ्यानं परतीच्या वाटेवर त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. अशा सोप्या दिवशी बाकावर कोणाकडे फारसं काही नसतं. भोपळा म्हणाला, गाळात हाताला मऊ काहीतरी लागलं, काळजात चर्र झालं, तर ती सीटवरची उशी निघाली. वकील म्हणाला, मागच्या काचेवर कुणा पोरानं आतून चिकटवलेलं चित्र तसंच होतं, पाण्यानंही सुटलं नव्हतं. मग बारकीची पाळी आली आणि ती हे बोलली. नंतर टॉवेलची घडी घालून मांडीवर ठेवत तिनं विचारलं, "आणि तुमचं दप्तर?" या बाकावर हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

"माझं रिकामं आहे," मी म्हणालो. लगेच म्हणालो. ते उत्तर मात्र उशिरा आलं नाही.

भोपळ्यानं बुटाची नाडी सोडली आणि परत बांधली. मी उठलो, दोर उचलले आणि कोठीत नेऊन खुंटीवर टांगू लागलो. दोर टांगायचं काम माझं नाही, ते ज्याचं होतं तो भोपळा पाठीमागे उभा राहून बघत होता, हे मला उशिरा लक्षात आलं. तेही उशिराच.

दप्तर हा शब्द आमच्या बाकावर माझ्या बायकोकडून आला. ती पहिलीच्या वर्गाला शिकवायची, अठ्ठावीस वर्षं पहिलीच. वरचे वर्ग देऊ केले तरी घेतले नाहीत. म्हणायची, वरच्या वर्गातली मुलं लपवायला शिकलेली असतात. शाळा सुटायच्या आधी दहा मिनिटं ती मुलांना जमिनीवर गोल बसवून दप्तरं उपडी करायला लावायची. वह्यांबरोबर खडे पडायचे, पिसं, तुटक्या पेन्सिली, चघळलेलं खोडरबर, कुणाच्या बापाच्या शर्टाचं बटण. ती एकेकापुढे बसून सगळं बघायची आणि म्हणायची, "पाहिलं." बस्स. मग मुलानं सगळं परत दप्तरात भरायचं. एकदा तिला घ्यायला लवकर गेलो होतो आणि दारात उभा होतो. एका मुलीच्या काड्यापेटीत मेलेला भुंगा होता. बायकोनं तो तळहातावर घेतला, उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, म्हणाली, "पाहिलं," आणि जपून पेटीत ठेवून परत दिला. वाटेत मी विचारलं, फेकून का नाही दिलास? ती म्हणाली, "फेकायचा की ठेवायचा ते तिचं ती ठरवेल. माझं काम बघायचं. कुणी पाहिलंय म्हटलं की ओझं तेवढंच राहतं, पण खांद्याला कमी रुततं."

त्याच सुमाराला आमच्या तुकडीतला सगळ्यात चांगला पाणबुड्या काम सोडून गेला. त्याला सगळे काका म्हणायचे. भांडण नाही, आजार नाही. एके दिवशी आला नाही. मी घरी गेलो तर भिंतीकडे तोंड करून बसला होता. म्हणाला, हात धुतो, पण बोटांना कळत राहतं. वीस वर्षं पाण्याखाली आंधळेपणानं चाचपडून त्यानं काय काय वर आणलं होतं ते आम्हाला माहीत होतं. त्याच्या बोटांना काय कळत राहिलं ते मात्र आम्ही कधी विचारलं नव्हतं. पुढे तो चपलांच्या दुकानात लागला. त्यानंतर मी बाक सुरू केला. काम झालं की कपडे बदलायच्या आधी सगळ्यांनी बसायचं, एकेकानं एकच गोष्ट सांगायची, जी दिसली, हाताला लागली, ऐकू आली. कुणी सल्ला द्यायचा नाही, पाठ थोपटायची नाही. बाकीच्यांनी म्हणायचं, "पाहिलं." सुरुवातीला हसले. वकील म्हणाला, पहिलीत बसवलंत की आम्हाला. नंतर कुणी हसलं नाही. दुसऱ्या गावच्या तुकड्या हे बघायला आल्या, एका मोठ्या साहेबांनी मला बोलावून याच्यावर भाषण करायला लावलं, माणसं सांभाळावीत कशी यावर, आणि मी केलं. टाळ्या पडल्या. बायको शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत होती. मी बाकाच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसायचो. रांग माझ्याशी येऊन संपायची. प्रमुखाला विचारायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता. मी फक्त तिथे बसायचो, जिथे रांग संपते.

दोराचं सांगायला हवं, म्हणजे बारकी काय म्हणाली ते नीट कळेल. नदीच्या किंवा तलावाच्या तळाशी दिवे चालत नाहीत, गाळ उठला की डोळे असून नसल्यासारखे. पाणबुड्याच्या छातीला दोर बांधलेला असतो, दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. त्या दोरातूनच बोलायचं. एक हिसका म्हणजे ठीक. वरून एक आला तर तो प्रश्न, ठीक आहेस? खालून एक गेला तर ते उत्तर, ठीक आहे. दोन म्हणजे ढील द्या. तीन म्हणजे मला वर घ्या. इतकंच. पहिलीतल्या मुलालाही दुपारपर्यंत पाठ होईल. पण नियम आहेत, ते शिकायला वर्षं लागतात. ठीक नसाल तर एक द्यायचा नाही, हा पहिला. आणि दुसरा, उत्तर चार आकड्यांच्या आत आलं पाहिजे. मनात एक, दोन, तीन, चार मोजायचं. चारनंतर आलेलं उत्तर हे उत्तर नव्हे. तो माणूस विचार करत होता, आणि ठीक असलेल्या माणसाला ठीक म्हणायला विचार करावा लागत नाही. तेव्हा पुन्हा विचारायचं नाही, सरळ ओढायचं. हे उलटही लागू आहे. खालच्यानं हिसका दिला आणि वरून चार आकड्यांत उत्तर आलं नाही तर काठावर काहीतरी बिनसलंय असं समजून खालच्यानं स्वतः वर यायचं.

तर आज सकाळी बारकी खाली होती आणि दोर माझ्या हातात होता. तिनं विचारलं आणि मी मोजू लागलो. उत्तर द्यायचं सोडून मोजू लागलो. ओला दोर बोटांभोवती होता, तिच्या हिसक्यानं तो तळहातात किंचित आवळला गेला, आणि मला वाटलं, हा हात आहे. एक, दोन, तीन, चार, पाच. तेव्हा कुठे मी हिसका दिला, पण ती निघाली होती; थोड्या वेळात काठाजवळ बारकीचं डोकं वर आलं. मी विचारलं, काय झालं? मास्क आहे त्या जागी ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मोटारीच्या मालकासमोर काही बोलली नाही. मला वाटलं, मास्क गळत असेल. एखाद्या तारेत अडकून तिनं विचारलं असतं तर? नव्हती अडकली. पण दोर धरणाऱ्यानं असा विचार करायचा नसतो.

वकील कोठीच्या दारात आला. त्याला वकील म्हणतात कारण त्याच्याशी कोणी वादात जिंकलेलं नाही. त्यानं आधी घसा साफ केला. मग म्हणाला, नियम तुमचाच आहे, ज्याचं उत्तर लांबलं त्यानं दोर धरायचा नाही. पहिल्या वर्षी माझा पाय तारेत अडकला होता आणि लाजेपायी मी वर एक हिसका दिला होता, आठवतं? आठवत होतं. आठ मिनिटं तो तसा अडकून होता आणि मला ठीक म्हणून सांगत होता. वर आल्यावर मी त्याला तीन महिने पाण्याबाहेर बसवलं. पाण्याला लाज कळत नाही, असं काहीतरी सगळ्यांसमोर ऐकवलंही होतं.

"तेव्हा मी तुम्हाला शिव्या घातल्या होत्या, मनात," वकील म्हणाला.

"मनात नव्हत्या. ऐकू आल्या होत्या."

तो हसला नाही. "मी तीन महिने म्हणत नाही. दुपारच्या सरावाला तुम्ही खाली बसा, दोर बारकी धरेल. आम्ही विचारू, तुम्ही उत्तर द्या. खरं उत्तर. ते जमलं की दोर तुमचा. नाही जमलं तर..." पुढचं त्यानं दाराच्या कडीला सांगितलं, ती दोनदा वर-खाली करून. सव्वीस वर्षं मी दोर धरलाय. तो हातातून गेला तर माझ्याकडे काय उरतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं; घरी आता कोणी नव्हतं. मी म्हटलं, बरोबर आहे. मीही हेच म्हटलं असतं.

बायको जाऊन बावीस दिवस झाले होते. सहाव्या दिवशी मी कामावर आलो होतो. सगळे म्हणाले, अजून थोडे दिवस थांबा. मी म्हटलं, घरी बसून काय करू? आणि ते पटलं त्यांना, किंवा पटल्यासारखं दाखवलं. पहिल्या दिवशी कामानंतर भोपळा बाकावर माझ्या शेजारी येऊन बसला, नेहमीपेक्षा जवळ. त्याचा घामट, रबराचा वास येत होता. त्याला काही विचारायचं होतं हे मला कळत होतं. मी त्याला त्याच्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. तो सांगू लागला. असं मी सगळ्यांना करत आलो. कुणी माझ्याकडे वळलं की मी त्याच्याकडे वळायचो, आणि त्याला वाटायचं, दादा काय खंबीर माणूस आहे. लोकांची काळजी घेणं हे लपायला किती सोयीचं ठिकाण आहे, हे त्यात लपलेल्यालाच ठाऊक.

दोराची ती भाषा हाताची खूण करून मीच घरी आणली होती. लग्न नवीन होतं, माझं कामही नवीन. कुणाच्या तरी घरी गर्दीत बसलो होतो, तिला तिथून निघायचं होतं पण बोलता येईना. मी तिचा हात एकदा दाबला आणि कानात सांगितलं, एक म्हणजे ठीक, तीन म्हणजे वर घे. तिनं तीन वेळा दाबलं, इतकं जोरात की अंगठी रुतली. आम्ही उठून आलो आणि जिन्यात हसत बसलो. मग ती सवय झाली. दवाखान्यात लेकीच्या जन्माच्या वेळी, शाळेच्या सभेत, तिचे वडील गेले तेव्हा. ती तीन द्यायची, मोकळेपणानं द्यायची, आणि मी तिला तिथून बाहेर काढायचो. मी मात्र तिला कायम एकच दिला. खाणीच्या पाण्यात दोघी बहिणी सापडल्या, त्यांनी एकमेकींचे हात धरलेले होते आणि ते सोडवल्याशिवाय वर आणता येत नव्हतं, ते मला सोडवावे लागले, त्या संध्याकाळी मी घरी येऊन नीट जेवलो. तिनं टेबलाखाली माझा हात धरून एकदा दाबला. मी एकदा दाबला. तिनं हात काढला नाही. पुन्हा एकदा. मी पुन्हा एक. मग ती भांडी उचलताना म्हणाली, "तुमच्या पोरांची दप्तरं तुम्ही रोज उपडी करता. तुमचं कोण करणार? मी आहे की."

"माझ्यात काय असणार?"

"काही नसेल तर उपडं करायला काय हरकत आहे?"

मी हसलो, म्हणालो, तू ना, शाळा घरी आणतेस. काही वर्षं तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. मग कमी विचारलं. मग ती फक्त हात दाबायची आणि मी दाबायचो. आणि कधीतरी, नक्की कुठल्या साली ते मला सांगता येत नाही, तिचे तीनही थांबले. मी विचारलं की तीही एकच द्यायची. मला वाटलं, आता तिला माझी तेवढी गरज उरली नाही, मोठी झालोय आम्ही. मी शिकवणारा, मला कळायला हवं होतं. मुलं सांगितलेलं शिकत नाहीत, केलेलं शिकतात, हे तीच म्हणायची.

सरावाचं कुंड ठाण्याच्या मागे आहे, पाच मीटर खोल, तळाला निळ्या फरश्या. मास्कवर काळं कापड बांधतात, नदीसारखा अंधार व्हावा म्हणून. बारकीनं माझ्या छातीचा दोर तपासला. गाठ ओढून पाहिली, आणखी एकदा ओढून पाहिली. आईनं मुलाची टोपी नीट करावी तसे तिचे हात होते, आणि ती सव्वीस वर्षांची आहे, मी छप्पन्नचा. म्हणाली, "घाई नाही, दादा." मी म्हटलं, चारच आकडे असतात. ती म्हणाली, "ते मला माहितेय." मी पाठीवर पाण्यात पडलो आणि खाली गेलो.

तळाला मांडी घालून बसलो. कानात पाण्याचा दाब, आणि स्वतःचा श्वास. आत घेताना धातूचा आवाज, सोडताना बुडबुड्यांचा. हाच आवाज मी दवाखान्याच्या त्या खोलीत तीन दिवस ऐकला होता. बायकोच्या फुप्फुसात पाणी झालं होतं. तोंडावर मास्क होता. पहिल्या दिवशी तो बाजूला करून ती म्हणाली, "आता मीही पाणबुडी," आणि नर्सनं रागावून मास्क परत बसवला. तिसऱ्या दिवशी ती मास्क काढेनाशी झाली. दुपारी चार वाजता माझा फोन वाजला. पुलाचा कठडा तोडून मालाची गाडी नदीत गेली होती, गाडीत दोघं होते. वकील फोनवर म्हणाला, कळवायचं म्हणून कळवलं, दादा, आम्ही बघतो, तुम्ही तिथेच थांबा. नीट आठवतं, थांबा म्हणाला. तरी मी उभा राहिलो. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते की तब्येत स्थिर आहे. लेक संध्याकाळच्या गाडीनं येणार होती. मी पलंगाजवळ वाकलो, तिचा हात घेतला. हात कोरडा होता, बोटांवर खडूमुळे पडलेल्या जुन्या भेगा. मी एकदा दाबला. ती माझ्याकडे पाहत होती. डोळे पुरते उघडे. यंत्र टिकटिकत होतं.

मी मोजत होतो. ते कसं थांबवणार, सव्वीस वर्षांची सवय. एक. दोन. तीन. चार. चारवर मी ओढायला हवं होतं. खुर्ची ओढून बसायला हवं होतं, नर्सला हाक मारायला हवी होती, फोन बंद करायला हवा होता. पाच. तिनं डोळे मिटले, परत उघडले. सहा. सातव्या आकड्यावर तिनं माझा हात दाबला. एकदा. आणि मी ते उत्तर घेतलं.

कुठल्याही पोरानं काठावर असं उत्तर घेतलं असतं तर मी त्याच्या हातातून दोर काढून घेतला असता. मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. दारापाशी पोचलो तेव्हाही पाठीला कळत होतं. पण त्या खोलीत मला काही काम नव्हतं. तिथे मी फक्त तिचा नवरा होतो, आणि नवऱ्यानं काय करायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. नदीवर मला सगळं येत होतं. मला तिथून निघायचं होतं. निघायला एक ठीक हवं होतं, आणि तिनं ते दिलं. सातव्या आकड्यापर्यंत ती तीन द्यायचे की एक याचा विचार करत असेल, आणि मग माझ्याकडे पाहून, माझं वाकलेलं, निघालेलं अंग पाहून, तिनं एक दिला असेल. मला शाळा सोडून पळायचं होतं आणि तिनं मला सोडलं. पाच वाजून चाळीस मिनिटांनी ती गेली. तेव्हा मी भोपळ्याचा दोर धरून उभा होतो आणि त्याला विचारत होतो, ठीक? आणि तो दुसऱ्या आकड्याला उत्तर देत होता.

छातीशी हिसका बसला. एक.

बारकी वर विचारत होती. तळाच्या अंधारात मी हात दोराकडे नेला. एक द्यायची सवय बोटांतच होती. बोटं वाकली. एक, दोन. मला एवढंच करायचं होतं, एकदा ओढायचं, आणि उद्यापासून दोर माझा. तीन. मी दोर धरला आणि ओढला. पुन्हा ओढला. पुन्हा.

वर काही क्षण काहीच झालं नाही. त्यांनी माझ्याकडून तीन कधी पाहिलेच नव्हते. मग दोर ताठ झाला आणि मी इतक्या वेगानं वर आलो की कानात कळ उठली. भोपळ्यानं काखेत हात घालून मला काठावर घेतलं, वकिलानं मास्क काढला, काय झालं, टाकीला काही झालं का, सगळे एकदम. टाकीला काही झालं नव्हतं. मास्कमध्ये पाणी होतं, पण ते कुंडातलं नव्हतं.

मी तसाच ओला बाकावर जाऊन बसलो, टोकाला नाही, मध्येच, जिथे जागा होती तिथे. ते तिघं दोन्ही बाजूंना बसले. मी सांगितलं. फार नाही, एकच गोष्ट सांगायची असते. म्हणालो, तिचं उत्तर सातव्या आकड्यावर आलं. मी मोजलं होतं. मी ते घेतलं आणि तुमच्याकडे आलो.

समोरच्या दांडीवरचे सूट सकाळचे होते, आता ठिबकत नव्हते. कोणी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. तसा नियमच आहे. बारकी आधी म्हणाली, "पाहिलं." मग वकील. भोपळ्याला वेळ लागला, शेवटी त्यानं नुसती मान हलवली आणि ओठ हलवले. मग मी ते परत माझ्या दप्तरात भरलं. ते तिथेच राहणार आहे, हे मला माहीत होतं. बायकोनं खोटं आश्वासन कधी कुणाला दिलं नव्हतं.

दोराचं काय ते कोणी काढलं नाही. मीच वकिलाला म्हटलं, काही दिवस तू धर. तो बरं म्हणाला.

घरी आलो तेव्हा अजून ऊन होतं. स्वयंपाकघरात खिडकीशी बायकोची खुर्ची. मी तिच्यावर बसलो नाही, शेजारी उभा राहिलो आणि लेकीला फोन लावला. बायको गेली त्या संध्याकाळी लेक आली तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं मला एकच विचारलं होतं, आई काही म्हणाली का? मी म्हटलं होतं, ठीक आहे म्हणाली. तेवढंच तिला दिलं. आणि गाडीत बसल्यावर तिचा हात धरून मी एकदा दाबला, तेव्हा तिनं हात काढून घेतला. म्हणाली, "हे नको, बाबा. आई गेली. आता तरी तोंडानं बोला." त्यानंतर रोज संध्याकाळी फोन यायचा. जेवलात का? हो. झोप लागते? हो. आणि फोन ठेवायच्या आधी, दमलेल्या आवाजात, ठीक ना? ठीक.

आज मी आधी लावला म्हणून ती दचकली. काय झालं? काही नाही, म्हटलं. मग तिनं नेहमीचं विचारलं. "ठीक आहात ना, बाबा?"

चार आकडे जाऊ दिले. ती तिकडे थांबली होती. तिच्या घरात नळ वाहत होता, भांड्यात पाणी पडत होतं.

"नाही," मी म्हणालो.

नळ बंद झाला. मी सांगितलं. सगळं, फोन आला तिथपासून. वकील थांबा म्हणाला होता, तेही. आई बघत होती, तेही. चारवर काय करायला हवं होतं आणि सातवर काय केलं. मला तिथून निघायचं होतं, हे सांगताना आवाज माझ्याच ओळखीचा राहिला नाही. "तिनं ठीक म्हटलं नव्हतं, बाळा. मी तुला खोटं सांगितलं. ती एकटी होती."

सांगून झालं आणि मी थांबलो.

तिकडून काही आलं नाही. श्वासही नाही. एक, दोन, तीन, चार. खिडकीतून ऊन खुर्चीच्या पाठीवर आलं होतं, तिथे बायकोचं जाकीट अजून टांगलेलं होतं आणि खिशाच्या कडेला खडूची पांढरी रेघ होती. पाच. सहा. सात. सातच्या पुढे मी कधी मोजलं नव्हतं, तिथे नियम नाही. आठ. फोन तिनं ठेवलेला नव्हता. नऊ. ओढता येईल असं माझ्या हातात काहीच नव्हतं. बारा-तेरापर्यंत गेलो असेन. मग मोजणं सोडलं, आणि फोन कानाशी धरून उभा राहिलो.